दहा मिनिटांची सोपी चढण

अंधेरीतल्या जुन्या इमारतींवर मी एक लेख लिहिला होता. त्यातली एकही इमारत मी पाहिलेली नव्हती. आज हे सांगताना फारसं काही वाटत नाही, पण तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी चोवीस वर्षांचा होतो आणि लेखक म्हणवून घ्यायची मला भयंकर घाई झाली होती.

दिवसा मी मरोळच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होतो. खोक्यांवर पत्ते बरोबर पडलेत की नाही, हे बघणं माझं काम. संध्याकाळी मी एका स्थानिक साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन बसायचो. स्टेशनजवळ सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर ती कचेरी होती. तिथे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक संपादक. अग्रलेखापासून राशिभविष्यापर्यंत सगळं तेच लिहायचे, त्यामुळे कुणी फुकट लिहून देतो म्हटलं की ते नाही म्हणत नसत.

सदराची कल्पना माझीच. लोक सुट्टी मिळाली की माथेरानला पळतात आणि आपल्याच गल्लीतला शंभर वर्षांचा बंगला त्यांना ठाऊक नसतो, असं मी तावातावाने मांडलं. आपण वाचकाला वाट सांगायची. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठली इमारत पूर्वी काय होती आणि शेवटी कुठल्या टेकडीवर चढून वारा खायचा. वाचकाने कात्रण हातात धरून आपलं आपण फिरावं.

"चांगलं आहे," संपादक म्हणाले. "पण आधी चालून बघ रे. मग लिही."

"चालूनच लिहिणार," मी म्हणालो, आणि तसा माझा विचारही होता. पण ज्या रविवारी निघायचं ठरलं होतं त्या रविवारी शेजाऱ्यांकडे टीव्हीवर मॅच होती. पुढच्या रविवारी ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या सोमवारी लेख द्यायचा होता. मग मी वाचनालयातून साष्टीच्या बेटावरचं एक जुनंपानं पुस्तक आणलं, त्यातला घडीचा नकाशा उलगडला, आईच्या एका मामेभावाच्या गप्पा आठवल्या आणि उरलेल्या जागा कल्पनेने भरल्या. कल्पनेच्या बाबतीत मी कधीच हात आखडता घेतला नाही.

लेखात चार ठिकाणं होती. पहिली स्टेशनजवळची कोठी. तिच्याबद्दल मी लिहिलं होतं, 'दारावरच्या रखवालदाराला विनंती करावी, तो आनंदाने आतला नृत्याचा दिवाणखाना दाखवील.' दुसरा एका बंगल्याचा तबेला, 'जिथे आजही जुन्या लाकडाचा मंद गंध दरवळतो.' तिसरा एका धनिक व्यापाऱ्याचा बंगला, 'ज्याच्या संगमरवरी दालनात मैफिलींचे सूर अजून रेंगाळत असावेत.' आणि शेवटी गिल्बर्ट हिल. ही टेकडी मी लहानपणापासून लांबून, म्हणजे रेल्वेच्या पुलावरून पाहत आलो होतो. तिच्याबद्दल मी बिनधास्त लिहून टाकलं, 'गवताळ उतारावरून लहान मूलही दहा मिनिटांत वर पोहोचेल, अशी ही सोपी चढण.'

लेख छापून आला. मी त्याच्या पाच प्रती घेतल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. दोन आठवड्यांनी कचेरीत एक पोस्टकार्ड आलं. अक्षर टपोरं आणि सरळ होतं.

'स. न. वि. वि. आपल्या लेखाप्रमाणे मी व माझी धाकटी बहीण गेल्या शनिवारी निघालो. पहिल्या ठिकाणी दीड तास गेला. दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांना त्रास झाला. तिसऱ्या ठिकाणाविषयी समक्ष बोलेन. गवताळ उतार सापडला नाही. दुसरी एक टेकडी सापडली. ती चढताना बहिणीचा पाय मुरगळला. आपण कोणत्या बाजूने चढलात ते कृपया कळवावे.'

खाली सही आणि अंधेरीतल्याच आंबोलीचा पत्ता होता.

संपादकांनी ते दोनदा वाचलं आणि कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "तू कोणत्या बाजूने चढलास रे?"

मी कार्ड उलटून पत्त्याची बाजू बघू लागलो.

"वाट लावलीस ना," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आता एक कर. त्यांच्या घरी जा, माफी माग. त्यांच्याबरोबर सगळं परत चाल आणि दुरुस्ती लिहून आण."

पुढच्या शनिवारी रजा टाकून, अर्धा डझन चिकू घेऊन मी आंबोलीला गेलो. कौलारू खोल्यांच्या चाळीत शेवटची खोली. दार उघडलं ते मोठ्या बहिणीने. साठीच्या आसपासची, पांढरं सुती पातळ, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून आयुष्यभर नोकरी करून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. चाळीत तिला सगळे सिस्टर म्हणत, तेव्हा मीही सिस्टर म्हणू लागलो. धाकटी कुडाळहून महिनाभरासाठी आली होती. पायाला क्रेप बँडेज बांधून ती खाटेवर बसली होती आणि माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होती. छापून येणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. त्या आदराने मला आणखी मेल्यासारखं झालं.

"हिला मुंबई दाखवायची होती," सिस्टर म्हणाल्या. "फोर्टाकडची गर्दी तिला सोसत नाही. म्हटलं, आपलंच अंधेरी दाखवू. एवढ्यात तुमचा लेख आला."

मी माफीचं वाक्य पाठ करून आलो होतो. ते सुरू करणार, एवढ्यात त्यांनी पुठ्ठ्यावर डकवलेलं कात्रण माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही पुढे व्हा. तुम्ही वाचा, आम्ही मागून येतो. आमचं कुठे चुकलं ते बघू."

"पण यांचा पाय?"

"आता बरो आसा," धाकटी म्हणाली आणि चपला घालून उभीही राहिली. "माका बगूचा आसा."

रिक्षाने आम्ही स्टेशनजवळ उतरलो. कोठी खरोखरच होती, ही मला मोठी सुखद गोष्ट वाटली. उंच जोतं, कमानी, लाकडी कठड्याचा जिना, सगळं पुस्तकात होतं तसं. फक्त दारावर शिधावाटप कार्यालयाची पाटी होती आणि पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत लोक रांगेत उभे होते.

"वाचा," सिस्टर म्हणाल्या.

मी हळू आवाजात वाचलं. रखवालदाराला विनंती करावी.

"आम्ही केली. तो म्हणाला, रांगेत या. म्हटलं, दिवाणखाना बघायला रांग असेल. दीड तासाने खिडकीपाशी पोहोचलो. मी म्हटलं, नृत्याचा दिवाणखाना बघायचाय. आतला क्लार्क म्हणाला, कार्ड दाखवा."

"मग?"

"कार्ड होतं पिशवीत. दाखवलं. तो म्हणाला, यात नाव कमी करायचंय की वाढवायचंय?"

रांगेतली एक बाई सिस्टरना ओळखून हसली आणि म्हणाली, "आज परत आलात? सापडला का नाच?" मी कात्रण खिशात घातलं. दिवाणखाना तिथेच होता, दारातून दिसतही होता. वर नक्षीदार तुळया आणि खाली अर्जांचे गठ्ठे. ते पाहायला मला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं मी मॅचला दिली होती.

तबेला सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. तो जुन्या लाकडाचा नव्हता. घोड्यांच्या जागी आता मसाला कांडायचे तीन डंख बसवलेले होते आणि मिरची कांडली जात होती. मी वाचायला तोंड उघडलं आणि पहिली शिंक आली. त्यानंतर किती आल्या सांगता येणार नाही. डोळे पुसत मी भिंत धरून उभा राहिलो. मसाला कांडणाऱ्या बाईने नाकावरचा पदर बाजूला करून विचारलं, "किती किलो?"

"मसाला नको, आम्ही तबेला बघायला आलोय," सिस्टर म्हणाल्या.

"मग बघा," ती म्हणाली आणि आत घेऊन गेली. दगडी गव्हाणी अजून शाबूत होत्या. त्यांत भाजलेले धणे निवत घातले होते. लोखंडी कड्या होत्या, त्यांना तिने चाळण्या अडकवल्या होत्या. तिच्या सासऱ्यांनी शेवटचा घोडा पाहिला होता म्हणे. ती सांगत होती ते सगळं लेखात हवं होतं, आणि मी शिंकत होतो. धाकटीने आपला रुमाल मला दिला. "ह्येका ह्या सोसत नाय गो," ती बहिणीला म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेतला आदर थोडा पातळ झाल्यासारखा वाटला.

तिथून तिसऱ्या ठिकाणी जाताना मी कात्रण काढलंच नाही. सिस्टरच पुढे चालू लागल्या. त्यांची चाल बदलली होती. एका वळणावर पिंपळ आला, त्याच्यामागे फाटक, आणि फाटकाच्या आत रुंद व्हरांड्याचा दुमजली बंगला. व्हरांड्यात बाकांवर थर्मास आणि डबे घेतलेले पुरुष बसले होते. आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं, मग दुसऱ्याचं.

"तुमचं मैफिलींचं दालन," सिस्टर म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी त्यात काढली. लेबर रूम आहे ती."

मला फाटकाच्या आत जाववेना. त्यांनी खुणेने बोलावलं. पायरीवर आयाबाईंनी मला अडवलं. "कुठल्या पेशंटचे तुम्ही?"

"मी लेखक आहे," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

"वॉर्ड नंबर सांगा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी त्यांना काहीतरी सांगितलं तेव्हा मला व्हरांड्यापर्यंत यायची परवानगी मिळाली. दालनाचं दार बंद होतं. उंबरठ्याखालून पांढऱ्या संगमरवराची पट्टी दिसत होती, एवढंच माझं खरं निघालं. बाकावरच्या एकाने सरकून मला जागा करून दिली आणि विचारलं, "पहिलं का?" मी नुसती मान डोलावली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सिस्टर परत आल्या आणि बाजूला बसल्या. "तुमचा जन्म कुठला?"

"अंधेरीचाच."

"अंधेरीत कुठे?"

"आई म्हणते, बंगल्याच्या दवाखान्यात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बंगल्याचा दवाखाना म्हणायचे तो हाच. दुसरा नव्हता. साल कुठलं?"

मी सांगितलं.

"म्हणजे मी होते तेव्हा. माझ्या हातून झाला असाल, नाहीतर दुसऱ्या सिस्टर होत्या त्यांच्या. आठवत नाही हं. रोज चार-पाच असायची."

मी त्या बंद दाराकडे बघत राहिलो. सबंध अंधेरीत ज्या एका जुन्या इमारतीत मी खात्रीने हजर होतो, तिच्याबद्दल मी मैफिलींचं लिहिलं होतं. लिहिताना आई स्वयंपाकघरात होती. तिला विचारायला उठावंही लागलं नसतं, बसल्या जागेवरून हाक पुरली असती.

"सिस्टर," मी म्हणालो, "यातलं मी काहीच बघितलं नव्हतं."

"ते मला रेशनच्या रांगेतच कळलं."

"मग आज मला का चालवलंत?"

"हिला पटत नव्हतं." त्यांनी पायरीवर बसलेल्या बहिणीकडे बोट दाखवलं. "छापलेलं खोटं असू शकतं हे तिला खरं वाटेना. म्हणत होती, आपलंच चुकलं असेल, आपण चुकीच्या गल्लीत शिरलो असू."

मला खाली बघावं लागलं. मग उठून मी धाकटीसमोर गेलो आणि जे सकाळपासून म्हणायचं होतं ते म्हटलं. घरी बसून लिहिलं, माझी चूक झाली, तुमचा पाय माझ्यामुळे दुखावला. पाठ केलेलं वाक्य यापेक्षा बरंच लांब होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग बहिणीला विचारलं, "म्हंजे ह्येनी बगूकच नाय?"

"नाही."

"डोंगर पण नाय?"

"डोंगरही नाही," मी म्हणालो.

"मगे आज चढूंदे," ती म्हणाली.

गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा मी मान वर केली. गवत नव्हतंच. उतारही नव्हता. कार्डातली 'दुसरी एक टेकडी' ती हीच. दाटीवाटीच्या झोपड्यांमधून एक काळा कातळ सरळ आभाळात गेला होता, उभे खांब एकाला एक चिकटवून ठेवावेत तसा. त्याच्या अंगावर कोरलेल्या पायऱ्या वर जात होत्या. लांबून, पुलावरून, ते सगळं किती गोल आणि मऊ दिसायचं. आणि उंचीला मी घाबरतो, हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कारखान्यातल्या शिडीवरसुद्धा मी दुसऱ्याला चढवायचो.

धाकटी चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसली. "सावकाश चढा हां," ती मला म्हणाली.

पहिल्या काही पायऱ्या मी ऐटीत चढलो. मोजायच्या असं ठरवलं होतं. एका वळणावर सहज खाली पाहिलं, टपरीचं पत्र्याचं छप्पर हातरुमालाएवढं दिसलं आणि मोजणी तिथेच संपली. मी भिंतीला, म्हणजे कातळाला, दोन्ही हात लावून उभा राहिलो. मागून पूजेची परडी घेतलेली एक म्हातारी आली. ती "जरा बाजूला व्हा" म्हणाली आणि बाजूला होणं मला जमत नाही हे पाहून मला वळसा घालून वर गेली.

सिस्टर माझ्या एक पायरी खाली येऊन थांबल्या. "खाली बघू नका. माझ्याकडे बघा. श्वास आत घ्या. आता सोडा, सावकाश. आणखी एकदा."

मी घेतला, सोडला.

"छान. आता एक पाय. घाई नाही कसली. होतंय, होतंय सगळं नीट."

त्या आवाजात एक ठाम मऊपणा होता, आणि तो कुठून आलाय हे मला दोन-तीन पायऱ्यांनंतर उमगलं. एकतीस वर्षं बायकांना धीर देणारा तो आवाज होता. कदाचित माझ्या आईलाही. आणि इथे मी, चोवीस वर्षांचा धडधाकट माणूस, लहान मूलही चढेल असं जिच्याबद्दल लिहिलं त्या चढणीवर, त्या आवाजाच्या आधाराने इंचाइंचाने वर सरकत होतो. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, तेव्हा फक्त तो आवाज बंद पडू नये एवढंच वाटत होतं.

दहा मिनिटांच्या चढणीला मला पाऊण तास लागला. वर गावदेवीचं देऊळ होतं, थोडी झाडं होती. मी देवीला नमस्कार करून देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसलो. मघाची म्हातारी प्रदक्षिणा घालत होती. तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पुढे गेली.

"आता बघा तरी," सिस्टर म्हणाल्या.

बसल्या बसल्या पाहिलं. पश्चिमेला वेसाव्याकडचं समुद्राचं पाणी चकाकत होतं. दुसऱ्या बाजूला मरोळकडची धुराडी, आणि मध्ये नव्या इमारतींचे सिमेंटचे चौकोन. त्यांच्या फटींतून अधूनमधून एखादं तांबूस कौलारू छप्पर डोकावत होतं. सिस्टरनी बोटाने एक छप्पर दाखवलं. शेजारी पिंपळ होता. "ते आपलं," त्या म्हणाल्या. सगळी छपरं मिळून दहा-बारा असतील. त्यांतल्या तीन छपरांखाली मी आज जाऊन आलो होतो. उरलेल्यांत काय चालत असेल, कोण राहत असेल, हे मला तिथून उठून जाऊन बघावंसं वाटलं. असं आधी कधी वाटलं नव्हतं. पुस्तक वाचताना मला फक्त ती छान वाक्यांत कशी बसवायची एवढंच सुचलं होतं.

सिस्टरनी पर्समधून पेन काढून दिलं. "लिहा. पायऱ्या अरुंद. हाताला धरायला फार काही नाही. पाणी बरोबर न्यावं. गुडघेदुखी असेल त्यांनी खाली चहा घ्यावा."

मी कात्रणाच्या पुठ्ठ्यामागे सगळं लिहून घेतलं.

उतरताना मी चाललो नाही. एकेका पायरीवर बसत, पँट घासत खाली आलो. धाकटी हे टपरीवरून बघत होती. मी खाली पोहोचलो तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने माझ्यासाठी चहा सांगितला. "ह्या तुमी लिवक व्हया," ती म्हणाली. "बसान उतरलास ता."

मी तेही लिहिलं. दुरुस्तीचा लेख पहिल्या लेखापेक्षा मोठा झाला. रेशनची रांग, डंख, गव्हाणीतले धणे, आयाबाई, सगळं आलं. संपादकांनी तो शांतपणे वाचला आणि त्यातल्या चार ओळी ठेवल्या. जागा नव्हती. पायऱ्या अरुंद आहेत, पाणी न्यावं आणि मागच्या लेखातल्या तपशिलांबद्दल दिलगिरी, एवढंच छापून आलं.

"दुसरं कुणाचं पत्र आलंय का?" मी घाबरत विचारलं.

"नाही. तुझा लेख घेऊन त्या दोघीच फिरल्या." ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आपला सगळा वाचकवर्ग तू समक्ष भेटून आलास."

धाकटी कुडाळला परत गेली. जाताना ती ते पुठ्ठ्यावरचं कात्रण घेऊन गेली, असं सिस्टरनी सांगितलं. गावात दाखवायला. सिस्टरकडे मी नंतरही जात राहिलो. त्यांना वाट विचारली की त्या वाटेवरच्या माणसांसकट सांगायच्या.

पुढचा लेख खाडीकाठच्या माहुल गावावर होता. त्यासाठी मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा चुकीच्या बसमध्ये बसून मानखुर्दला उतरलो. दुसऱ्यांदा पोहोचलो, कोळीवाड्यात लोकांशी बोललो, कुठली वाट भरतीला बंद होते ते विचारलं, प्रत्येक वळण वहीत टिपलं. लेखातली एकही ओळ खोटी नव्हती. संपादकांनी तो वाचला आणि पानं टेबलावर ठेवली.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण वाचायला आधीचाच बरा होता."